'सावकाश' म्हणजे किती? : वैमानिकाची टिपणे आणि सिम्युलेटरातील मॉस्क्विटो

ज्या विमानाचा अखेरचा नग १९५० च्या नोव्हेंबरात कारखान्याबाहेर पडला, ते चालविण्याचे शिक्षण आज घरोघरच्या मेजांवर चालू आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी विनोदी वाटण्याचा संभव आहे. डी हॅव्हिलंड कंपनीचे 'मॉस्क्विटो' हे ते विमान होय. दुसऱ्या महायुद्धातील हे दुहेरी एंजिनाचे लाकडी लढाऊ विमान २०२१ साली ईगल डायनॅमिक्स या संस्थेने आपल्या 'डीसीएस वर्ल्ड' या सिम्युलेटरात उपलब्ध करून दिले. तेव्हापासून ते शिकू पाहणाऱ्याच्या एका हाताशी संगणक असतो आणि दुसऱ्या हाताशी, पुष्कळदा, ब्रिटिश एअर मिनिस्ट्रीने युद्धकाळी छापलेली 'पायलट्स नोट्स' ही लहानशी पुस्तिका असते. या शिक्षणाचा विचार आजवर छंद किंवा करमणूक या सदराखाली झाला आहे. वस्तुतः त्यात एक भाषिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्या भाषेचे बोलणारे जवळजवळ उरले नाहीत, परंतु व्याकरण मात्र शाबूत आहे, अशा भाषेचा अभ्यास व्याकरणावरून कितपत होऊ शकतो, हा प्रश्न भाषाभ्यासकाला परका नाही. मॉस्क्विटोचे शिक्षण हा त्याच प्रश्नाचा एक यांत्रिक अवतार आहे.

विमानाची थोडी ओळख आधी करून घेणे अवश्य आहे. मॉस्क्विटोचा पहिला नमुना २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्ड येथे उडाला. बर्च लाकडाच्या पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड दाबून चिकटविलेल्या फळ्यांचे त्याचे अंग. दोन अर्धी कवचे स्वतंत्र करून, आतील नळ्या व तारा बसवून, मग ती एकत्र जोडीत. एकूण सात हजार सातशेहून अधिक विमाने बांधली गेली. सिम्युलेटरात आहे तो 'एफ. बी. सहा' हा लढाऊ-बाँबफेकी प्रकार. यात वैमानिक डावीकडे व त्याचा मार्गदर्शक उजवीकडे किंचित मागे असे दाटीने बसतात. प्रत्येक पंखावर बारा सिलिंडरांचे एकेक मर्लिन एंजिन. आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, दोन्ही एंजिनांचे पंखे एकाच दिशेने फिरतात. परिणाम असा होतो की, दोन्ही थ्रॉटल सारखेच पुढे सारले असता विमान धावपट्टीवर सरळ धावत नाही. ते डावीकडे ओढ घेते. ही ओढ मोडण्यासाठी डाव्या एंजिनाचा थ्रॉटल उजव्यापेक्षा थोडा अगोदर पुढे सारावा लागतो आणि वेग आल्यावर सुकाणूने सरळ राखावे लागते. त्याच कारखान्याने पुढे १९४४ साली उडविलेल्या 'हॉर्नेट' या विमानात पंखे परस्परविरुद्ध फिरविले आणि हा दोष मुळातच काढून टाकला. मॉस्क्विटोत मात्र तो यंत्रात राहिला, म्हणून त्याचा परिहार वाक्यांनी करावा लागला.

ती वाक्ये कोणत्या जातीची आहेत, हे पाहू लागले की मीमांसकांच्या जुन्या वर्गीकरणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पायलट्स नोट्समध्ये विधी आहेत, निषेध आहेत, आणि द्रव्य-देवतांच्या जागी आकडे आहेत : मर्लिन २५ साठी उड्डाणाच्या वेळी अधिक अठरा पौंड बूस्ट, मिनिटाला तीन हजार फेरे. विधींतही नित्य आणि नैमित्तिक असा भेद सरळ दिसतो. एंजिन सुरू करणे, उडणे, उतरणे हे नित्य; एंजिन बंद पडणे, आग लागणे, चाके न उतरणे ही निमित्ते, आणि त्यांच्या पोटी येणारी कर्मे नैमित्तिक. परंतु मीमांसेत विध्याच्या जोडीला जो अर्थवाद असतो, म्हणजे अमुक कर्म का करावे याचे स्तुतिपर किंवा निंदापर विवरण, तो या पुस्तिकेत जवळजवळ नाही. कारणे सांगण्यास तिला सवड नाही. या उलट सिम्युलेटराच्या पुस्तिकेत अर्थवाद भरपूर : विमानाचा इतिहास, त्याच्या पराक्रमाच्या कथा, रचनेची प्रशंसा. हा फरक केवळ शैलीचा नव्हे. ज्याला उद्या सकाळी उडावयाचेच आहे त्याला प्रवृत्त करावे लागत नाही. ज्याने स्वखुशीने आणि स्वखर्चाने हे कर्म अंगावर घेतले आहे त्याला मात्र ते वारंवार करावे लागते.

येथे मराठीच्या एका सोयीचा उल्लेख करावयास हरकत नाही. इंग्रजीत आज्ञा आणि विधी यांचे क्रियारूप एकच असते. मराठीत 'कर', 'करा' हा आज्ञार्थ आणि 'करावे' हा विध्यर्थ अशी दोन रूपे आहेत. पायलट्स नोट्सचे मराठीकरण करणाऱ्याने निःसंशय विध्यर्थच निवडला असता : 'थ्रॉटल सावकाश पुढे सारावे.' यात सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. आहे ते केवळ कर्तव्य. शास्त्रग्रंथाचे बोलणे असेच असते.

विधींचा क्रम ध्यानात राहावा म्हणून ब्रिटिश वैमानिकांना संक्षेपाक्षरे पाठ करावयास लावीत. उतरण्यापूर्वीचे 'बम्फ' हे त्यांतले प्रसिद्ध : ब्रेक, अंडरकॅरेज म्हणजे चाके, मिक्श्चर म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण, पिच म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन, आणि फ्लॅप. इंग्रजी बोलीत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ कंटाळवाणे सरकारी कागद असा होतो, त्यामुळे ते पाठ करणाऱ्या पोरसवदा वैमानिकांना एक चोरटे हसूही मिळत असणार. हे सूत्र सर्व विमानांना एकच. ज्या यंत्रात मिश्रण आपोआप होई, तेथेही 'म' उच्चारला जाई. लिहिला जाऊन न उच्चारला जाणारा वर्ण सर्वांना ठाऊक आहे, उच्चारला जाऊन काहीच न करणारा वर्ण हा त्याचा उलटा प्रकार. मराठी विद्यार्थ्याला या संदर्भात 'यमाताराजभानसलगम्' हे गणांचे सूत्र सहज आठवेल. पण दोहोंत मोठे अंतर आहे. यमाताराजभानसलगम् हे सूत्र ज्याची आठवण देते तेच स्वतः करून दाखविते. 'यमाता' म्हटले की लघु-गुरु-गुरु हे माप कानावर पडलेलेच असते. 'बम्फ'मध्ये चाकांचे काहीच नाही. ते नुसते दोरीला मारलेल्या गाठींसारखे आहे. गाठ सुटली तर आत काही सापडत नाही. आणि म्हणूनच सिम्युलेटरात ते उत्तम चालते. जे ज्ञान क्रमापुरते आहे, खुणेपुरते आहे, ते पडद्यावर शिकता येते व पुरतेही शिकता येते, याविषयी वाद करण्याचे कारण नाही. कोणती कळ कोठे, कोणत्या कळीनंतर कोणती, कोणत्या तबकडीवर किती आकडा : मॉस्क्विटोचे हे सर्व वाक्यशास्त्र सिम्युलेटरात निष्ठेने उतरलेले आहे.

(एका सोयीचा मात्र उल्लेख केला पाहिजे. एकच कळ दाबली असता सर्व सुरुवातीचे कर्म आपोआप घडते. दांडे स्वतःच हलतात, बटणे स्वतःच दाबली जातात, आणि शिकणारा हात जोडून पाहत राहतो. यजमानाच्या वतीने ऋत्विजांनी कर्म करावे आणि फळ यजमानाला मिळावे, ही व्यवस्था आपल्याकडे अपरिचित नाही. तथापि यजमान त्यामुळे वेदज्ञ झाला असे कोणी मानीत नाही.)

खरी अडचण क्रियापदांत नाही, आकड्यांतही नाही. ती रीतिवाचक क्रियाविशेषणांत आहे. सावकाश, हळुवार, एकसारखे, ठामपणे, वेळेवर, गरजेपुरते. पुस्तिका जेथे आकडा देऊ शकते तेथे आकडा देते. जेथे देऊ शकत नाही तेथे क्रियाविशेषण देते, आणि नेमके तेथेच विमान चालविण्याचे मर्म असते. थ्रॉटल सावकाश पुढे सारावे, हे वाक्य घ्या. सावकाश म्हणजे किती? तीन सेकंद की दहा? डावा थ्रॉटल उजव्याच्या 'थोडा' पुढे म्हणजे किती? बोटभर की अर्धे बोट? ही अस्पष्टता लेखकाचा आळस नव्हे. वारा कोणत्या बाजूचा आहे, टाक्या किती भरल्या आहेत, धावपट्टी ओली आहे की कोरडी, यांवर ते माप दर वेळी बदलते. म्हणून आकडा देणे हेच चुकीचे ठरले असते. क्रियाविशेषण ही येथे रिकामी ठेवलेली जागा आहे, आणि ती वैमानिकाने आपल्या अंगाने भरावयाची आहे. बैठकीखाली विमान डावीकडे सरकू लागल्याचे कंबरेला कळते, पायाखालचा सुकाणूचा जोर वाढतो, दांडा जड होतो. या सर्वांतून 'सावकाश'चे माप क्षणोक्षणी ठरते.

युद्धकाळी ही जागा कशी भरली जात होती, याचे दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, दुहेरी नियंत्रणाचा. मॉस्क्विटोचा 'टी. तीन' हा शिक्षणासाठीच बांधलेला प्रकार होता. त्यात शिक्षक शेजारी बसे. अशा प्रसंगी बोलण्याची भाषा कशी असते, हे कोणत्याही कसबाच्या शिक्षणात पाहावयास मिळते. शिक्षक पूर्ण वाक्य बोलत नाही. क्रियापद गळते, कर्म गळते. राहते ते एकटे क्रियाविशेषण : 'सावकाश... सावकाश...!' ग्रंथात जो शब्द वाक्याचा सर्वांत दुबळा भाग होता, तोच गुरुमुखात संपूर्ण वाक्य होतो. शिवाय तो योग्य क्षणी उच्चारला जातो, त्यामुळे त्याचे माप उच्चारणाच्या वेळेतच असते.

दुसरा मार्ग अधिक विचार करावयास लावणारा आहे. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी या संघटनेचे वैमानिक, ज्यांत स्त्रियाही होत्या, कारखान्यांतून आणि दुरुस्तिशाळांतून विमाने लढाऊ तुकड्यांकडे पोहोचवीत. पूर्वी कधी न चालविलेल्या जातीचे विमान त्यांच्या वाट्यास येणे ही नित्याची बाब होती. त्यांच्याजवळ 'फेरी पायलट्स नोट्स' हा कड्यांत अडकविलेल्या लहान पत्रांचा जुडगा असे. एका जातीला एखाददुसरे पत्र. तेवढ्या वाचनावर ते अनोळखी विमान घेऊन निघत. यावरून केवळ लेखी शब्दाने विमान शिकता येते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. या संघटनेत विमानांचे वर्ग पाडलेले होते, आणि एका वर्गातील विमान चालविणाऱ्यास त्या वर्गातील इतरही द्यावीत अशी पद्धत होती. म्हणजे वाचणाऱ्याच्या अंगात त्या कुलातील एखादी भाषा अगोदरच मुरलेली होती. ज्याला एक प्राकृत येते त्याला दुसरीचे व्याकरण चार पानांत पुरते; ज्याला एकही येत नाही त्याला चारशे पानेही पुरत नाहीत. क्रियाविशेषण त्यांना नवे नव्हते; फक्त क्रियापदे नवी होती.

सिम्युलेटरावरील शिकणाऱ्याजवळ या दोहोंपैकी काहीच बहुधा नसते. शेजारी गुरू नाही, अंगात आधीची बोली नाही. तेव्हा क्रियाविशेषणाची रिकामी जागा कोण भरतो? याचे उत्तर असे की, ती सिम्युलेटराच्या कर्त्यांनी आकड्यांनी भरून ठेवलेली असते. यंत्राला 'थोडेसे' कळत नाही. डावीकडची ओढ किती, अमुक वेगाला सुकाणूचा प्रभाव किती, शेपटीचे चाक उचलले जाताना नाक किती वळते, या सर्वांना आज्ञावलीत संख्या द्यावीच लागते. या अर्थाने सिम्युलेटर म्हणजे पायलट्स नोट्सवर, आणि विशेषतः तिच्या क्रियाविशेषणांवर, लिहिलेले एक प्रदीर्घ भाष्य आहे. सूत्रकाराने जेथे मौन पाळले, तेथे भाष्यकाराला मौन पाळता आलेले नाही. हे भाष्य हेच सिम्युलेटराचे खरे साहित्यिक कार्य आहे, आणि त्याचे मूल्यमापन भाष्य म्हणूनच झाले पाहिजे. त्यातील ढगांची आणि रंगाची जी स्तुती नेहमी होते ती मुखपृष्ठाची स्तुती आहे.

भाष्याचा अधिकार पुन्हा एकट्या भाष्यकाराकडे राहत नाही, ही येथली विशेष गुंतागुंत. घरातील जॉयस्टिक ही एका स्प्रिंगवर उभी असते. वेग वाढला म्हणून ती जड होत नाही. तिची प्रतिक्रिया किती तीव्र असावी, हे शिकणारा स्वतः एका वक्ररेषेने ठरवू शकतो. रेषा मध्यभागी सपाट केली की विमान शांत भासते, तीव्र केली की चंचल. म्हणजे 'हळुवार' या शब्दाचा अर्थ वाचकानेच पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून घ्यावा, तसे हे आहे. काही सिम्युलेटरांतील काही जुन्या विमानांसाठी तर उड्डाणाच्या वेळी डावी-उजवी ओढ किती टक्के कमी करून हवी, तेही निवडता येते. शिवाय अनेकांजवळ पायाचे सुकाणू नसते. जॉयस्टिकची मूठच पिळून सुकाणूचे काम करावे लागते. पायाने करावयाची क्रिया मनगटाला दिली असता क्रिया तीच राहते, रीत मात्र राहत नाही. आणि ज्या कंबरेने ओढ प्रथम जाणावयाची ती खुर्चीवर स्वस्थ असते. ओढ डोळ्यांना कळते, आणि ती सुरू झाल्यानंतर कळते. म्हणून सिम्युलेटरावर शिकणारा धावपट्टीच्या दूरच्या टोकावर दृष्टी खिळवून बसतो आणि क्षितिजाच्या केसभर हालचालीवर हात चालवितो. हे कौशल्य खरे आहे, कष्टाने मिळते, आणि ते फुकट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ते अनुवादाचे कौशल्य आहे. कंबरेच्या वाक्याचा तो डोळ्यांच्या भाषेत केलेला अनुवाद आहे.

नैमित्तिक कर्माकडे वळले की प्रश्नाला निराळी धार येते. दुहेरी एंजिनाच्या विमानात उड्डाणानंतरचा काही काळ असा असतो की, चाकांनी जमीन सोडलेली असते पण एका एंजिनावर विमान सरळ राखता येईल इतका वेग आलेला नसतो. मॉस्क्विटोत हे अंतर मोठे होते. त्या अंतरात एक एंजिन बंद पडले, विशेषतः डावे, तर दुसरे एंजिन विमानाला बंद एंजिनाकडे खेचते व सुकाणूचा जोर पुरत नाही. अशा वेळी दुसऱ्याही एंजिनाची शक्ती काढून घेऊन समोर मिळेल त्या जागी उतरावे, हा विधी आहे. चालू एंजिन स्वहस्ते बंद करावे, ही आज्ञा मनुष्यस्वभावाच्या इतकी विरुद्ध आहे की ती वाचताना पटली तरी करताना पटणे कठीण. पुढे उंचीवर एंजिन गेल्यास कोणते गेले हे ओळखण्यासाठी सर्वत्र चालत आलेली खूण अशी : जो पाय रिकामा, ते एंजिन मेलेले. विमान सरळ राखण्यासाठी उजवा पाय जोराने रेटावा लागत असेल तर डावा पाय सैल पडतो, आणि डावेच एंजिन गेलेले असते. नैयायिकांच्या परिभाषेत हे निर्दोष लिंग आहे, पर्वतावरील धुरासारखे. सिम्युलेटरात, पायाचे सुकाणू असले तर या धुराची एक फिकट रेघ राहते, कारण स्प्रिंग थोडी का होईना विरोध करते. मूठ पिळणाऱ्याच्या बाबतीत अग्नी आहे आणि धूर नाही. वाक्य पाठ असते, पण ते ज्याला उद्देशून होते तो पाय मेजाखाली उगाच पडलेला असतो.

याच ठिकाणी सिम्युलेटराच्या बाजूने जे सर्वांत वजनदार म्हणणे आहे ते मांडले पाहिजे. शिकणारा विधी मोडतो. चालू एंजिन बंद करीत नाही, वळून धावपट्टीकडे परतू पाहतो, विमान पाठीवर पडते, पडदा काळा होतो. तो पुन्हा प्रारंभ करतो आणि पुन्हा तसेच करतो. वीस वेळा मेल्यावर त्याला जे कळते ते युद्धकाळच्या वैमानिकाला कोणीही सांगू शकत नव्हते. कारण निषेधाच्या पलीकडे जाऊन परत आलेला साक्षीदार फारसा मिळत नसे. पुस्तिकेत गळालेला अर्थवाद येथे शिकणारा स्वतःच घडवितो. त्याला 'का' कळते. १९२९ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याने वाद्यांच्या कारखान्यातील भाते आणि पंप वापरून जे पहिले यशस्वी उड्डाणशिक्षण-यंत्र बांधले, आणि १९३४ साली टपाल वाहताना वैमानिक मरू लागले तेव्हा अमेरिकन सैन्याने ज्याचे सहा नग विकत घेतले, त्याच्या मागेही हाच विचार होता : चूक करण्याची मुभा जमिनीवर असावी.

हे सर्व मान्य करूनही एक शंका उरते. लिंकच्या यंत्रातून उठून शिकणारा खऱ्या विमानात जात असे, आणि त्याची परीक्षा तेथे होई. मॉस्क्विटोचा शिकणारा कोठेच जात नाही. जो विधी शेवटी लागू व्हावयाचाच नाही, त्याच्या उल्लंघनाने मिळालेले ज्ञान ज्ञान म्हणावे की आठवण म्हणावे? २१ जुलै १९९६ रोजी मँचेस्टरजवळच्या बार्टन येथे प्रदर्शनात उडत असताना एक मॉस्क्विटो कोसळले. उडत्या स्थितीतील ते त्या काळचे एकमेव मॉस्क्विटो होते. त्यातील दोघेही मृत्यू पावले. पुढे १६ वर्षे हे विमान आकाशात कोणीच पाहिले नाही. २०१२ साली न्यूझीलंडमधील आर्डमोर येथे एक मॉस्क्विटो पुन्हा बांधून उडविले गेले, त्यानंतर आणखी मोजकी उडाली. म्हणजे 'सावकाश' याचा अर्थ आपल्या कंबरेने सांगू शकणारी माणसे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

या परिस्थितीत सिम्युलेटराचे वर्णन करण्यास श्रीशंकुकाचा चित्रतुरग हा दृष्टांत पुढे येणे स्वाभाविक आहे. चित्रातील घोड्याला पाहून होणारी प्रतीती खरी म्हणता येत नाही, खोटी म्हणता येत नाही, संशय किंवा सादृश्यही म्हणता येत नाही. ती वेगळीच असते. नाट्यातील रामाविषयी त्याने जे म्हटले ते पडद्यावरील मॉस्क्विटोला चपखल बसते असे वाटते. मात्र चित्रातील घोडा कोणाला पाडीत नाही, आणि पडद्यावरील पाडतो. प्रेक्षक येथे स्वारही आहे. तेव्हा श्रीशंकुकापेक्षा त्याच्यावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप येथे अधिक उपयोगी पडतो. रामाची रती कोणी पाहिलेली नाही. मग नट तिचे अनुकरण करतो हे ओळखावयाचे कोणी आणि कशावरून? तीच विचारणा येथे लागू आहे. सिम्युलेटरातील विमान अगदी हुबेहूब आहे, असा अभिप्राय शिकणारे मोठ्या आत्मविश्वासाने देतात. हुबेहूब कशाच्या? चौकशी करता असे दिसते की, पुस्तिकेत जसे सांगितले आहे तसेच ते वागते, एवढाच त्याचा अर्थ असतो. परंतु भाष्यकारानेही आपले भाष्य रचताना हीच पुस्तिका, आणि तिच्या जोडीला आराखडे व चाचण्यांचे जुने तक्ते, समोर ठेवले होते. ग्रंथापासून यंत्र घडविले आणि यंत्र ग्रंथाशी जुळते म्हणून ते खरे ठरविले, तर त्यातून ग्रंथाचीच साक्ष ग्रंथाला मिळते. विमानाची साक्ष अद्याप निघालेली नाही.

ती साक्ष कशी असू शकते, याचे एक उदाहरण या देशाच्या हवेशी संबंधित आहे. १९४३ साली मॉस्क्विटो हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले. १९४४ च्या उत्तरार्धात काही विमाने हवेतच मोडून पडली. नोव्हेंबरात उड्डाणे थांबवून विमानांची कसून तपासणी करावी लागली. डिंकाने जोडलेले सांधे उष्ण व दमट हवेत सुटले, की मुळात कारखान्यातील जोडणीच सदोष होती, याविषयी तेव्हा बराच खल झाला. कसेही असो, लाकडाला पावसाळा ठाऊक होता. पुस्तिकेत वैमानिकाने सांध्यांकडे कान द्यावा असा विधी असणे शक्य नव्हते, आणि सिम्युलेटरातील विमान तर दर वेळी आजच कारखान्यातून आल्यासारखे नवे असते. ते भिजत नाही, फुगत नाही, उन्हात उभे राहून वाळत नाही. आघाडीवरच्या वैमानिकाच्या 'ठामपणे' या शब्दात, आपला पंख किती जुना आहे हा विचारही मिसळलेला असणार. हा अर्थ ग्रंथात नव्हता, म्हणून भाष्यात येऊ शकला नाही.

भाष्य म्हणून सिम्युलेटराचा अभ्यास करावयाचा तर आणखी एक गोष्ट पाठचिकित्सकांच्या नजरेस यावयास हवी. छापील भाष्याच्या आवृत्त्या ग्रंथालयात शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाठभेद नोंदता येतात. सिम्युलेटराचे भाष्य अधूनमधून सुधारले जाते. ओढ थोडी कमी केली जाते, सुकाणूचा प्रभाव थोडा वाढविला जातो, एंजिन तापण्याचा हिशेब बदलतो. नवा पाठ जुन्यावरच लिहिला जातो, आणि काय बदलले याची जी टीप मिळते ती बहुधा एका ओळीची असते. मूळ पुस्तिकेतील 'सावकाश' तोच राहतो. त्याची संख्या मात्र एका रात्रीत दुसरी होते. महिनोन्‌महिने धावपट्टीवर सरळ धावण्याचा अभ्यास केलेला माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डावा थ्रॉटल अर्धे बोट पुढे सारतो. जुना पाठ आता त्या अर्ध्या बोटाशिवाय कोठेही शिल्लक नसतो, आणि विमान उजवीकडच्या गवतात जाते.